कळ

दिवस भरले, आणि भरून वर अकरा सांडले.

आई व्हिडिओवर, इचलकरंजीहून,
नेहमीसारखं नुसतं कपाळ दिसतंय:
"इंडक्शन? अगं, दसऱ्यालाच घेतलं की आपण.
तुला कशाला आणखी तिकडे?"
शेगडी नव्हे, आई.
या खेपेला मलाच तापवणार आहेत.
मुकुल हसला, मग मी, मग पोट हललं.
आतलं जे कोण आहे तेही हसलं असेल,
नाहीतर कूस बदलून झोपलं पुन्हा.

बाहेर डंडी. टे नदीवरून धुकं चढून आलंय,
पूल अर्ध्यावर पुसलेला.
गाड्या मात्र बिनधास्त जातात पलीकडे,
पलीकडे काही असल्यासारख्या.

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला होता:
थांबलात तर हजारात इतके, न थांबलात तर इतके.
मी पोटासाठी हेच करते,
विमा कंपनीत, जोखमीचे तक्ते.
हजारात एक म्हणजे फारच थोडं,
असं कितीदा लिहिलंय अहवालात.
त्या रात्री झोपच लागली नाही.
तो एक कुठल्यातरी घरात
अख्खा असतो.
सकाळी सही केली.

आयल्सा सुईण. हात गार, त्याबद्दल आधीच माफी मागून
बोट फिरवून गेली आतून,
पातेल्याच्या कडेची साय सुटी करावी तसं.
साय सुटली नाही.
मग एक चपटी फीत ठेवली आत, शेपूट बाहेर.
चोवीस तास.
"म्हणजे विरजण लावलं म्हण की," आई म्हणाली.
"मग सारखं उघडून बघू नये."
इथे बघतात. वेळ लावून बघतात.
पडद्यापलीकडची शोना फोनवर
घरच्या कुत्र्याशी बोलत होती, लाडालाडाने.
दोन सेंटिमीटर, आयल्सा म्हणाली,
आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली.
मी काय केलं होतं?
पडून होते. टोस्ट खाल्ला होता.

रात्री तीनला आईला फोन लावला.
तिकडे सकाळ, मागे कुकरची शिट्टी.
म्हटलं, आई, माझ्या अंगाला साधं एवढंही
आपणहून सुचू नये?
मावशी म्हणते, आमच्या वेळी आपसूक व्हायचं सगळं.
आईने गॅस बंद केला. पहिल्यांदाच
पूर्ण चेहरा दिसला तिचा.
"तुझ्या वेळी मलाही टोचलं होतं.
सलाइनमधून. सांगितलं नाही कुणाला.
सासूबाई म्हणाल्या असत्या, हिला बाळंतही होता येईना.
आम्ही त्याला कळा यायचं इंजेक्शन म्हणायचो.
तू सरळ तसं म्हणाली असतीस तर
शेगडी कशाला आली असती मधे?"

म्हणजे मीही
बोलावल्यावरच आले होते.
चौतीस वर्षांनी कळलं.

सकाळी क्रोशाच्या सुईसारखी आकडी.
पाणी गेलं, कोमट, लाज वाटावी इतकं.
मग हाताला ठिबक,
पोटाला पट्टे, आणि पट्ट्यांतून तुझे ठोके:
आमच्या गल्लीतले माग असेच चालायचे रात्रभर,
थांबले की जाग यायची.

आयल्साने विचारलं, तुमच्यात काय म्हणतात याला?
कळ.
ळ तिला जमेना. कल, म्हणाली.
अर्ध्या अर्ध्या तासाने ठिबक एक घर वाढवते,
पोटावर हात ठेवते, हात आता गरम,
आणि विचारते, कल?
मला वाटतं माझ्याशी नाहीच बोलत ती.
तुला विचारतेय:
काय रे, काय गं, तुझा कल काय?

खिडकीत पूल अजून अर्धाच.
मुकुल पाण्याचा पेला घेऊन काहीतरी सांगतोय.
जरा कळ काढ, म्हणाले,
त्याला की तुला, कोण जाणे,

आणि आली.